रफूबाईंच्या कादंबरीचा शेवट

रफूबाईंचं खरं नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापून आलं, तेव्हा अर्ध्या बाजाराला ते पहिल्यांदा कळलं. तोवर सगळ्यांच्या लेखी त्या रफूबाईच. कपडे धुऊन इस्त्री करून देणारं एक दुकान होतं, पुढे काउंटर, मागे वाफेचं यंत्र, आणि या दोन्हींच्या मधे खिडकीला चिकटलेलं एक टेबल. त्या टेबलाशी बसून बाई फाटकं सांधायच्या. सिगारेटने पडलेली भोकं, कसर लागलेले कोट, दाराच्या खिळ्यात अडकून टरकलेल्या बाह्या. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा ओढून काढायचा आणि भोकावर विणत जायचा. काम झालं की गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून विचारायचं, "फाटलं होतं कुठे?" यावर बाई काही बोलायच्या नाहीत. बोट दाखवलं तर मग रफू कसला?

स्वभावाने मात्र बाई अजिबात रफू नव्हत्या. जे आहे ते तोंडावर. दुकानाचे मालक त्यांना काउंटरवर उभं करायला घाबरायचे. एकदा एका वकिलाने कोट पुढे करून "हा आधीपासून असाच होता का?" असं दरडावून विचारलं, तर बाई म्हणाल्या, "कोट असाच होता. पोट नंतर आलं." तेव्हापासून त्यांची जागा खिडकीशी कायम झाली.

दुपारी दुकानात माशी उडत नसे. वाफेचं यंत्र बंद, मालक घरी जेवायला, रस्त्यावर कुणी नाही. त्या वेळात बाई वाचत. रस्त्याच्या टोकाला एक वाचनालय होतं. तिथली रहस्यकथांची दोन कपाटं त्यांनी उभी-आडवी वाचून काढली होती. पण वाचायची त्यांची एक तऱ्हा होती. खुनी कोण हे कळलं, की पुस्तक मिटायच्या आणि परत करून यायच्या. शेवटची पानं वाचायच्याच नाहीत. ग्रंथपालबाई म्हणायच्या, "अहो, पकडतात कसा ते तरी वाचा."

"पकडणारच. त्यात काय वाचायचं?"

वाचून वाचून संपलं, तेव्हा त्यांनी लिहायला घेतलं. भाच्याने नवा लॅपटॉप घेतला होता, त्याचा जुना घरात पडून होता. त्याची दोन बटणं दाबली जात नसत. ती अक्षरं आली की बाई जागा सोडून पुढे जायच्या आणि नंतर भाच्याकडून भरून घ्यायच्या. रहस्यकथा लिहायची हे ठरलेलंच होतं. काळ मात्र त्यांनी दोनशे वर्षांनंतरचा घेतला. नवऱ्याने विचारलं, एवढं लांब कशाला? नवरा शीतगृहात कामाला. दिवसभर थंडीत राहून राहून त्याचं बोलणंही गोठल्यासारखं झालं होतं, त्यामुळे त्याने एवढं विचारलं म्हणजे खूपच.

"आजचा खून लिहिला तर जो तो म्हणेल, ही आमचीच गोष्ट. दोनशे वर्षांनी कुणाची नणंद जिवंत असणार आहे?" बाई म्हणाल्या.

नणंद वरच्याच मजल्यावर राहायची आणि तिचे कान चांगले होते.

कादंबरीचं नाव 'निरंक शहर'. त्या शहरात 'साक्षी' नावाचं एक यंत्र आहे. ते प्रत्येक खोलीत बघतं, प्रत्येक रस्त्यावर ऐकतं, आणि रोज सकाळी जाहीर करतं : गुन्हे, निरंक. माणसांच्या कित्येक पिढ्या हेच ऐकत मोठ्या झालेल्या. मग एके सकाळी साक्षीचीच देखभाल करणारा माणूस मरून पडलेला सापडतो, आणि तोही अशा खोलीत, जिथे यंत्राला नेमकं तेव्हा काहीच दिसलेलं नाही. तपास कसा करतात, हे शहर विसरून गेलंय. शेवटी एका म्हाताऱ्या बाईला बोलावतात, कारण तिच्या आजीच्या आजीला हे काम यायचं असं ऐकिवात आहे. म्हातारी दारोदार जाते आणि माणसांना प्रश्न विचारते. कुणी आपल्याला काही विचारेल, ही सवयच लोकांना राहिलेली नाही. काहीजण नुसतं विचारल्यावर रडायला लागतात. हळूहळू कळतं, की मेलेला माणूस यंत्राच्या डोळ्यांनी लोकांच्या घरांत बघत असे आणि जे दिसेल त्याच्या जोरावर त्यांना नाचवत असे. संशय तिघांवर येतो : त्याचा मदतनीस, त्याची सून आणि समोर राहणारा एक वाद्यं दुरुस्त करणारा. म्हातारीला खुनी सापडतो. शेवटच्या पानावर ती साक्षीसमोर उभी राहते. यंत्र म्हणतं, "नाव सांगा." म्हातारी म्हणते, "माहीत नाही." आणि घरी चालत जाते.

वाचकाला नाव कळतच नाही. कादंबरी तिथेच संपते.

शाळेच्या मुलांसाठी मार्गदर्शकं छापणारे एक प्रकाशक दुकानाचे गिऱ्हाईक होते. त्यांनी बाईंकडून हस्तलिखित मागून नेलं आणि मुलांच्या सुट्टीत छापखाना रिकामा होता म्हणून छापून टाकलं. बहुधा शेवटापर्यंत त्यांनी वाचलंच नव्हतं. रफू करणाऱ्या बाईने दोनशे वर्षांनंतरचा खून लिहिला, एवढ्या कुतूहलावर पुस्तक खपायला लागलं.

आणि मग सुरू झालं.

औषधाच्या दुकानातला केमिस्ट म्हणाला, पुस्तक झकास, पण विज्ञान जरा जास्त झालंय, ते यंत्र काढून टाकलं तर घरातल्या सगळ्यांना वाचता येईल. शाळेतले विज्ञानाचे मास्तर म्हणाले, विज्ञान फारच कमी आहे, यंत्राला वीज कुठून मिळते तेही सांगितलेलं नाही. एका वाचकाला म्हातारी आवडली पण खून नको होता. दुसऱ्याला खून आवडला पण तपास म्हातारीच्या हाती का दिला हे समजेना. बँकेतल्या एका तरुणीने पुस्तक दोनदा वाचलं आणि सांगितलं, की खुनी तर उघडच मदतनीस आहे, लेखिकेने पानोपानी खुणा पेरल्यात. तिच्या शेजारच्या खिडकीवरच्या बाईने त्याच खुणांवरून वाद्यवाल्याला फासावर चढवलं. दोघी महिनाभर एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या.

नणंद तर पुस्तक हातात घेऊन जिना उतरून आली.

"वहिनी, ती सून म्हणजे कोण?"

"सून म्हणजे सून."

"तिला पायऱ्यांवर उभं राहून ऐकायची सवय आहे असं लिहिलंयस."

"दोनशे वर्षांनंतरच्या पायऱ्या आहेत त्या."

"पायऱ्या पायऱ्याच असतात," नणंद म्हणाली, आणि चार दिवस खाली आली नाही. पाचव्या दिवशी आली ती वेगळाच प्रश्न घेऊन : सुनेने खून केला असेल तर चांगलंच केलं, फक्त तसं स्पष्ट लिहायला काय झालं होतं?

पण सगळ्यांत जास्त भडकले ते फौजदार. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सगळे त्यांना फौजदारच म्हणत. रहस्यकथांच्या त्या दोन कपाटांवर बाईंच्या आधीपासून त्यांचा हक्क होता. 'निरंक शहर' त्यांनी एका बैठकीत वाचलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात आले. हातात इस्त्रीचं काही नव्हतं.

"ही फसवणूक आहे," ते म्हणाले. "तुम्ही माणसाला अडीचशे पानं चालवत नेता आणि दाराशी आणून दार लावून घेता."

"दार म्हातारीने लावलंय."

"म्हातारीला कर्तव्य नावाची काही चीज आहे की नाही? तपास तिच्यावर सोपवलाय. तिला नाव माहीत आहे आणि ती खोटं बोलते. मी नोकरीत असताना अशी माणसं समोर बसवायचो. सगळं पाहिलेलं असायचं आणि तोंडातून एकच, माहीत नाही, माहीत नाही. डोकं फिरायचं माझं."

"मग?"

"मग काय? अजून फिरतं. तुमच्या पुस्तकाने पुन्हा फिरवलं."

बाईंनी सुईत धागा ओवला. मनातून त्यांना बरं वाटलं होतं. इतक्या लोकांत या एका माणसाने शेवटाशी दोन हात केले होते.

हा शेवट बाईंना सुचला कुठून, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. लग्नाआधी त्या कपड्यांच्या एका कारखान्यात शिवणयंत्रावर होत्या. लांबच लांब हॉल, एका टोकाला मुकादमाची काचेची केबिन. या मुकादमाला तिथे बसून सगळं दिसायचं आणि कोण कितीदा उठलं याची तो मोठ्याने घोषणा करायचा. एके दिवशी त्याने एका बाईला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली, आणि त्याच दुपारी कुणीतरी जड कात्री भिरकावून केबिनची काच फोडली. मुकादम बाहेर होता म्हणून वाचला. त्याने साऱ्या बायकांना भिंतीशी उभं केलं आणि एकेकीला विचारत आला. कात्री सुटली तेव्हा रफूबाईंची मान वर होती. त्यांनी हातही पाहिला होता आणि हाताची मालकीणही. मुकादम समोर आला. म्हणाला, नाव सांगितलंस तर उद्यापासून तुला केबिनजवळचं यंत्र, हलकं काम. बाई म्हणाल्या, "माहीत नाही." तो म्हणाला, तुला माहीत आहे हे तुझ्या तोंडावर दिसतंय. बाई म्हणाल्या, "तोंडावर दिसत असेल तर तुम्हीच वाचा."

संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं. पश्चात्ताप मात्र तेव्हाही झाला नाही आणि पुढेही कधी झाला नाही. आयुष्यात आपण धडपणे काही केलं असेल तर ते हे, अशी त्यांची खूणगाठ होती. नवऱ्याला हे ठाऊक होतं. कादंबरीचं शेवटचं पान वाचून त्याने चष्मा काढला, पुसला आणि एवढंच म्हणाला, "बरोबर आहे."

पहिल्या आवृत्तीच्या प्रती संपत आल्या तसे प्रकाशक दुकानात आले. फारच गोड बोलत होते. वाचनालयात वाचक भांडतात, शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत भांडतात, हे सगळं छान आहे, म्हणाले, पण लोकांना नाव हवंय. दुसऱ्या आवृत्तीत एक छोटंसं प्रकरण वाढवू. दहा पानं पुष्कळ झाली.

"कुणाचं नाव घालू?" बाईंनी विचारलं.

"तिघांतलं कुणाचंही. माझं काही म्हणणं नाही."

"तुमचं काही म्हणणं नाही, मग प्रकरण कशाला?"

प्रकाशक हसले. घरी विचार करा म्हणाले. घरी विचार करायला नणंद होतीच. ती म्हणाली, लोक मागतायत तर दे की, तुझ्या पदरचं काय जातंय? भाचासुद्धा म्हणाला, मामी, एक शक्कल लढवू, तीन शेवट लिही, ज्याला जो हवा तो. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो लॅपटॉपची बटणं पुसायला लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रकाशकांना फोन करून सांगितलं : छापायचं तर आहे तसं छापा. नाहीतर नका छापू. पुढचं ऐकायला त्या थांबल्या नाहीत.

मग बरेच दिवस काही घडलं नाही. आणि एके सकाळी इस्पितळातली एक परिचारिका कोट द्यायला आली. बाईंना पाहून तिचा चेहरा खुलला.

"बाई, बरं केलंत. माझ्या जिवाला घोर लागला होता. शेवटी सांगितलंत एकदाचं."

"काय सांगितलं?"

"सुनेचं नाव. नवीन पुस्तकात."

पुस्तक तिच्या पिशवीतच होतं. बाईंनी ते मागून घेतलं आणि उभ्या उभ्या उघडलं. म्हातारीच्या "माहीत नाही"नंतर पान संपत नव्हतं. पुढे एक नवं प्रकरण होतं. त्यात म्हातारी अर्ध्या रस्त्यातून परत फिरते, आपल्या चुकीबद्दल साक्षीची क्षमा मागते, सुनेचं नाव सांगते. सुनेला नेतात. साक्षी म्हातारीचे आभार मानते. शेवटचं वाक्य होतं : 'आणि शहर पुन्हा निरंक झालं.' यंत्राला वीज कुठून मिळते याचा त्यात दीड पान खुलासा होता, त्यावरून प्रकरण कुणी लिहिलं हेही बाईंना तिथल्या तिथे कळलं.

त्यांनी पुस्तक परत दिलं. परिचारिकेचा कोट घेतला, पावती लिहिली, कोट हँगरला लावला. मग मालकांना म्हणाल्या, "मी जरा जाऊन येते," आणि हातातली सुई टेबलावर ठेवायची विसरून तशाच निघाल्या.

प्रकाशकांच्या कार्यालयात मार्गदर्शकांचे गठ्ठे छतापर्यंत गेले होते. प्रकाशक गठ्ठ्यांच्या मागून बोलत होते, त्यामुळे आधी नुसता आवाज आला.

"वाचकांची मागणी होती, बाई. पुस्तक काय एकट्या लेखकाचं असतं होय?"

"नाव कुणाचं आहे वर?"

"तुमचंच. मी कुठे काढलंय? मास्तरांनी तर एक पैसा न घेता लिहून दिलं. किरकोळ दुरुस्ती आहे हो. तुम्ही स्वतः रफू करता. भोक पडलं की तुम्ही काय करता?"

"ते भोक नव्हतं," बाई म्हणाल्या. "ते दार होतं. आणि तुम्ही ते शिवून टाकलंत."

प्रकाशकांनी हात पसरले. पुस्तकं छापून झाली होती, दुकानांत गेली होती. रविवारी सकाळी वाचनालयात नव्या आवृत्तीचा कार्यक्रम ठरला होता, खुर्च्या सांगून झाल्या होत्या. "तुम्ही या, दोन शब्द बोला, लोक खूष होतील. तमाशा करून काय मिळणार?"

"येते," बाई म्हणाल्या.

रविवारी नवरा बरोबर निघाला. सहसा सुट्टीच्या दिवशी तो उन्हात बसून असे, हाडांतली थंडी घालवायला. बाईंनी पिशवीत दोन गोष्टी टाकल्या : शिवण उसवायची बारीक सुरी आणि दुकानात पुड्यांवर खुणा करायचा काळा जाड पेन. नवऱ्याने ते पाहिलं आणि चपला घातल्या.

वाचनालयाचा हॉल भरला होता. बँकेतल्या दोघी वेगवेगळ्या रांगांत बसल्या होत्या. फौजदार पहिल्या रांगेत, पाठ ताठ. नणंद त्यांच्या मागे. मास्तर कडेला उभे होते आणि कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. प्रकाशक बोलले. वाचकाच्या प्रेमाखातर लेखिकेने आपला हट्ट सोडला, असं ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. मग बाईंना बोलावलं.

बाईंना भाषण येत नव्हतं. समोरच्या टेबलावरची एक प्रत त्यांनी उचलली, शेवटाकडून उघडली, सुरी काढली आणि शिवणीलगत धरून ते प्रकरण अलगद सोडवलं. पानं बाजूला ठेवली.

"हे मी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मला विचारलंही नाही. मी नाही म्हटलं होतं. ज्यांनी ही प्रत घेतलीय, त्यांना मी दोनांतलं एक काम करून देते. नको असतील तर ही पानं काढून देते. पुस्तकाला इजा होणार नाही, हात बसलाय माझा. आणि पानं हवी असतील तर ठेवा, तुमच्या घामाच्या पैशाचं पुस्तक आहे. मग मी वरचं माझं नाव खोडते. दोन्ही एकत्र राहणार नाहीत."

"बाई, हे काय चाललंय," प्रकाशक अर्धे उठत म्हणाले.

"कार्यक्रम," बाई म्हणाल्या आणि खुर्ची टेबलाशी ओढून बसल्या.

कुणी हलेना. मागून एकजण म्हणाला, हा वाचकांचा अपमान आहे. दुसऱ्याने त्याला गप्प बसायला सांगितलं. केमिस्ट शेजाऱ्याला विचारत होता, सुरीने पान कापलं तर पुस्तक परत घेतील का? ग्रंथपालबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. वाचनालयाची प्रत त्यांनी छातीशी घट्ट धरली होती आणि काय करावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

मग फौजदार उठले. टेबलाशी गेले आणि आपली प्रत बाईंपुढे ठेवली.

"पानं काढा."

बाईंनी मान वर केली. "तुम्हाला तर नाव हवं होतं."

"हवंय. आजही हवंय. तुमचा शेवट मला पटलेला नाही, पटणारही नाही. पण मला भांडायचंय ते तुमच्याशी. हे प्रकरण वाचल्यावर भांडायला समोर कुणी उरतच नाही." ते मागे वळून प्रकाशकांकडे पाहत म्हणाले, "साक्षीदाराने जे म्हटलं नाही ते त्याच्या नावावर लिहिणं, याला आमच्याकडे वेगळा शब्द होता."

प्रकाशक बसले.

त्यानंतर रांग लागली, पण सरळ नव्हे. बँकेतली मदतनीसवाली आणि वाद्यवाली दोघींनी पानं काढून घेतली, कारण सुनेचं नाव दोघींनाही मंजूर नव्हतं. परिचारिका आली आणि अवघडून म्हणाली, बाई, मला खरंच नाव कळल्यावर झोप लागली, मी पानं ठेवू का? बाई म्हणाल्या, "ठेव की. झोप महत्त्वाची." आणि मुखपृष्ठावरचं आपलं नाव जाड रेघेने खोडलं. परिचारिकेचे डोळे भरून आले, पण पुस्तक तिने तसंच घेतलं. मागच्या रांगेतल्या एकाने ना पानं काढू दिली ना नाव खोडू दिलं. मी विकत घेतलंय, तसंच राहील, म्हणाला. बाईंनी दोनदा समजावलं आणि शेवटी सोडून दिलं. तो दारातून जाईपर्यंत मात्र त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

नणंदेचा नंबर आला.

"खोड," ती म्हणाली. "सुनेनेच केलाय खून आणि चांगला केलाय. मला पानं हवीत."

"नीट वाचलंस ना? तिला नेतात शेवटी."

"नेऊ देत. नाव तरी झालं तिचं."

बाईंना हसू आलं. ते दाबत त्यांनी रेघ ओढली. इतक्यात मास्तर पुढे आले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मला वाटलं, तुम्हाला विचारलं असेल," ते म्हणाले. "त्यांनी तसंच सांगितलं मला."

"मला नाही विचारलं."

"ते कळलं आता." ते थोडे घुटमळले. "पण विजेचं लिहिलंय ते बरोबर आहे."

"असेल."

"मग ज्यांनी पानं ठेवलीत, त्यांच्या प्रतीवर मी माझं नाव घातलं तर चालेल?"

बाईंनी काळा पेन त्यांच्याकडे सरकवला. नणंदेच्या पुस्तकावर, खोडलेल्या नावाच्या खाली, मास्तरांनी आपलं नाव लिहिलं. फळ्यावर लिहितात तसं, गोल, सुवाच्य. नणंदेने ते उजेडात धरून पाहिलं आणि तिला ते पसंत पडलं.

याचा परिणाम व्हायचा तो झाला. प्रकाशकांनी उरलेल्या प्रती दुकानांतून उचलल्या आणि सगळीकडे सांगितलं, की या बाईंचं पुढचं अक्षरसुद्धा आपण छापणार नाही. 'निरंक शहर' पुन्हा निघालं नाही. वाफेच्या यंत्राजवळ उभं राहून मालक म्हणाले, "एवढं ताणायला नको होतं. दुसऱ्या पुस्तकाचं काय आता?" बाईंनी दुसरं पुस्तक लिहायला घेतलं होतं हे त्यांना माहीत होतं, कारण दुपारी जेवून लवकर परतले की खिडकीपाशी खटखट ऐकू यायची.

"लिहिणार," बाई म्हणाल्या.

"छापणार कोण?"

"छापणारा भेटला तर छापेल. आधी लिहून तर होऊ दे. आणि शेवटाचं आधीच सांगून ठेवते, तो मी आत्ताच लिहून टाकलाय. नंतर कुणी मागायला येऊ नये."

वाईट वाटलं नाही असं नाही. वाचनालयासमोरून जाताना काही दिवस त्या रस्ता ओलांडून पलीकडून जायच्या. कारखान्यातून निघाल्या तेव्हा निदान वय हाताशी होतं. आता गुडघे धरत होते आणि बारीक विणीला दुसरा चष्मा लागत होता. एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्या, दहा पानंच तर होती. नवरा म्हणाला, "तू घातली असतीस तर मी वाचली नसती." बाईंना ते पुरलं.

मागच्या रांगेतला तो एक हट्टी सोडला, तर गावात आता पुस्तकाच्या तीन जाती झाल्या होत्या : पहिल्या आवृत्तीची, पानं काढलेली आणि नाव खोडलेली. लोक एकमेकांना उसनं देताना आधी विचारायचे, तुझं कुठलं? एका जातीचं वाचलेला माणूस दुसऱ्या जातीचं वाचून बघायचा आणि मग नव्याने भांडायचा. ग्रंथपालबाईंनी बऱ्याच विचारानंतर वाचनालयाची प्रत बाईंकडे पाठवली. पानं काढून घेतली आणि तीच पानं वेगळी बांधून शेजारी ठेवली, वर मास्तरांचं नाव. तीही लोक वाचायला नेत.

फौजदार मात्र आठवड्यातून एकदा दुकानात यायचेच. कधी शर्ट घेऊन, कधी नुसतेच. आले की काउंटरला टेकून सुरुवात करायचे. त्या दिवशी एक जुना कोट आणला होता, खिशाजवळ उसवलेला.

"मी पुन्हा वाचलं," ते म्हणाले. "मदतनीस असू शकत नाही. त्या दिवशी तो दुसऱ्या मजल्यावर होता. वाद्यवाल्याला मी सोडलेला नाही अजून."

"हं."

"एक विचारू? खरं सांगा. लोक म्हणतात, लेखिकेलाच माहीत नाही. म्हणून शेवट तसा केला."

बाईंनी कोट उलटा करून आतली शिवण पाहिली, त्यातून एक धागा सावकाश ओढून काढला आणि उजेडात ताणून बघितला.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

फौजदार पुढे वाकले. वाफेच्या यंत्राशी मालकही थांबले.

"मग?"

"मग काय? कोट गुरुवारी मिळेल."

फौजदार रागावून बाहेर पडले, रस्ता ओलांडून समोर चहाला गेले आणि तिथे बसलेल्या केमिस्टला सांगू लागले, की ही बाई गुन्हेगाराला पाठीशी घालते आहे. केमिस्ट म्हणाला, कुठला गुन्हेगार, दोनशे वर्षं आहेत अजून. त्यावर त्यांची जी जुंपली ती दुकानापर्यंत ऐकू येत होती. बाईंनी चष्मा बदलला आणि खिशाशी पहिला टाका घातला.